किटली एल्व्हदालला, झाकण लिपोव्हाला

मी, लुडमिला ऑफ्टेडाल, माहेरची हावरानेक, वय शहाऐंशी पूर्ण, राहणार ओढ्याच्या पुलाजवळचं पांढरं घर, लिपोव्हा आणि एल्व्हदाल या दोन गावांच्या मधोमध, राज्य नॉर्थ डकोटा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने आमच्या वकीलसाहेबांना विचारावं, परवाच मी त्यांना पत्त्यांत दोनदा हरवलं. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि पोटात एक कप कॉफीखेरीज काही नाही. याआधी सिगुर्ड, म्हणजे माझा नवरा, हयात असताना एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात मी सगळं त्याला दिलं होतं आणि तो माझ्याआधी गेला, तेव्हा ते रद्द समजावं.

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, सगळं स्वतःच्या हाताने लिहिलंत तर साक्षीदार लागत नाहीत." मी म्हटलं, तुम्हाला लागत नसतील, मला लागतात. कोण ते मीच ठरवणार. त्याचं पुढे येईलच.

माझं शिक्षण सहावीपर्यंत. सहावीत आईचा हात मोडला आणि बारा गायींचं दूध काढायला मला घरी ठेवलं. परत शाळेत गेले ती पंचविसाव्या वर्षी, स्वयंपाकीण म्हणून, आणि एकतीस वर्षं तिथे काढली. तेव्हा वाक्य लांबलं किंवा कलमं मागेपुढे झाली तर सांभाळून घ्यावं. या कागदातली मोठी गोष्ट एकच आहे, ती शाळा. तिचं काय होणार याची मला काळजी आहे. बाकी सगळी भांडीकुंडी, ती आधी वाटून टाकते. वाटायला फार मजा येते आहे हेही इथेच लिहून ठेवते. हे काम मी दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

कलम पहिलं. राहतं घर, विहीर, कोंबड्यांचं खुराडं आणि आतल्या कोंबड्या माझी नात ब्रिटा हिला. घराला मागचं दार नाही, दोन पुढची दारं आहेत. अठ्ठावन्न साली सिगुर्ड हे घर बांधत होता तेव्हा माझे वडील म्हणाले, दार लिपोव्हाकडे हवं, पोरीला माहेर दिसलं पाहिजे. सासरे म्हणाले, दार एल्व्हदालकडे, सून आमची आहे. सिगुर्डने महिनाभर दोघांचं ऐकून घेतलं, मग दोन्हीकडे सारखीच दारं बसवली, सारख्याच पायऱ्या, सारखाच कठडा. दोन्ही म्हातारे येऊन पायऱ्या मोजून गेले. ब्रिटाने यातलं एकही दार बुजवू नये. थंडीत वारा आरपार जातो हे मला माहीत आहे. स्वेटर घालावा.

कलम दुसरं. बँकेत जे काही असेल ते माझा मुलगा हाल्वर याला. तो बँकेतच काम करतो, त्याला कळेल. सिगुर्डची सुतारकामाची हत्यारं मात्र त्याला नाहीत. हाल्वर, बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस, तू शेवटचा खिळा ठोकलास तेव्हा आपण दवाखान्यात गेलो होतो. हत्यारंही ब्रिटाला.

कलम तिसरं. लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, भाजायचा सासूबाईंचा गोल तवा आणि ती उलटायची लांब चपटी काठी, तसंच मुरंबा आटवायचं माझ्या आईचं तांब्याचं पातेलं, हेही ब्रिटाला, पण एकत्र. तवा एकाकडे आणि पातेलं दुसऱ्याकडे असं कधीही करू नये. का ते सांगते, म्हणजे शाळेचंही कळेल.

आमची दोन गावं दीड मैलावर आहेत, मध्ये ओढा आणि त्यावर पूल. लिपोव्हा चेक लोकांचं, कॅथलिक. एल्व्हदाल नॉर्वेच्या लोकांचं, लुथरन. रेल्वे आली तेव्हा स्टेशन एल्व्हदालला झालं. लिपोव्हाच्या लोकांना ते इतकं लागलं की माझे आजोबा गाडी पकडायला सात मैल पुढच्या स्टेशनवर चालत जायचे. तीच गाडी मग परत येऊन एल्व्हदालला थांबायची. आजोबा डब्यात बसून दुसरीकडे बघायचे.

पण एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत दोन्ही गावांत घरंच्या घरं आजारी पडली. कोणी कोणाच्या घरात जायचं नाही असा हुकूम होता. तेव्हा बायका रांधून पुलाच्या कठड्यावर ठेवायला लागल्या. त्या गावच्यांनी उचलायचं, थाळी धुऊन परत तिथेच ठेवायची. साथ गेली, रीत राहिली. आजही एका गावात कोणी गेलं की दुसऱ्या गावातून केक, भाजी, पाव येतात ते पुलापर्यंत. ठेवणारी वळून जाते, मग उचलणारी येते. शंभर वर्षं झाली. माझ्या आईला जेवढ्या एल्व्हदालच्या थाळ्या ओळखू यायच्या तेवढे तिथले चेहरे येत नव्हते.

आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारचं गावजेवण. एल्व्हदालला लुटफिस्क, म्हणजे क्षारात भिजवून मऊ केलेला सुका मासा, वर वितळलेलं लोणी, सोबत लेफ्से. लिपोव्हाला भाजलेलं बदक, आंबट कोबी आणि पिठाचे उकडलेले गोळे. दोन्ही एकाच दिवशी, एकाच वेळी. का? तर दोघांनीही तारीख आधी आपणच धरली म्हणून. माझी सासू म्हणायची, "त्यांनी बदलावी." माझी आई म्हणायची, "त्यांनी बदलावी." लग्न झाल्यापासून मी दर वर्षी चार वाजता मासा खाल्ला आणि सहा वाजता बदक. दोन्हीकडे माझ्याकडे बघून कुजबुज, आणि दोन्हीकडे ताटात जास्त वाढायचे, म्हणजे दुसरीकडे भूक राहू नये.

आता शाळा. दोन्ही गावांतली मुलं कमी झाली तेव्हा सरकारने सांगितलं, एकच शाळा करा. कुठे? दोन वर्षं भांडण. शेवटी सिगुर्डने आमच्या शेतातला, बरोबर मधला चार एकराचा तुकडा दिला, शाळा असेल तोवर वापरायचा, नंतर जमीन आणि वर जे असेल ते परत आमच्याकडे, असं लिहून घेऊन. बासष्ट सालच्या सप्टेंबरात शाळा उघडली. तिच्या खेळाच्या संघाला दोन वर्षं नाव नव्हतं, कारण एकाचं नाव दुसऱ्याला चालत नव्हतं. फलकावर नुसतं 'आम्ही' आणि 'पाहुणे' लिहायचे. जेवणघरात खिडकीकडच्या बाकांवर लिपोव्हाची मुलं, दाराकडच्या बाकांवर एल्व्हदालची, मध्ये रिकामी वाट. त्या वाटेवरून चमचासुद्धा इकडचा तिकडे जात नव्हता.

पहिल्या शुक्रवारी माझ्या हातून चूक झाली. मी गोमांसाचं सूप केलं. त्या काळी कॅथलिक घरात शुक्रवारी मांस चालत नसे. मी स्वतः कॅथलिक घरातली, पण पाच वर्षं सासूच्या आठवड्याने स्वयंपाक करत होते, शुक्रवार डोक्यातूनच गेला. वाढून झालं आणि बघते तर खिडकीकडची त्रेचाळीस मुलं हात मांडीवर ठेवून बसलेली. पुढच्या बाकावर तिसरीतली व्लास्ता होती, दोन वेण्या, रागीट. ती म्हणाली, "मावशी, आज शुक्रवार आहे. तुम्ही विसरलात?"

दाराकडून तिच्याच वर्गातली सोल्वेग ओरडली, "मग उपाशी बसा! आमची काकू आहे ती, आमच्यासाठी केलंय तिने!"

मी माहेरच्यांची मावशी, सासरच्यांची काकू, आणि त्या क्षणी कोणाचीच कोणी नाही. मी आत पळाले. कपाटात फक्त दोन गोष्टी होत्या. त्या दिवशी दुपारी लग्नाच्या एका घरी पोचवायच्या म्हणून सासूबाईंनी दिलेल्या लेफ्सेच्या पाच चळती, आणि आईने माझ्यासाठी पाठवलेला ओढ्याकाठच्या जंगली आलुबुखारांचा मुरंबा, इतका आटवलेला की चमचा उभा राहावा. मी लेफ्सेवर लोणी फासलं, मुरंबा फासला, वळकटी केली, कापली आणि खिडकीकडे वाढली. मुलं खायला लागली. थोड्या वेळाने दाराकडच्या बाकांवर सूपचे चमचे खाली ठेवल्याचे आवाज आले. मग सोल्वेग उठली, ती रिकामी वाट ओलांडून व्लास्ताच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ती लेफ्से आमची आहे."

व्लास्ता तोंडातला घास न गिळता म्हणाली, "मुरंबा आमचा आहे."

"अर्धी दे."

"आधी सरक, उजेड अडवू नकोस."

पण दिली अर्धी. मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दोन्ही दारं वाजली. एकीकडून सासूबाई. "लग्नाची लेफ्से तू पोरांना घातलीस? आणि त्यावर मुरंबा? लेफ्सेवर लोणी आणि साखर, बस. माझ्या आईने बघितलं असतं तर तवा तुझ्या डोक्यात घातला असता." दुसरीकडून माझी आई. "माझा मुरंबा बटाट्याच्या पोळीत? तो पावात घालायचा असतो, पोरी, देवाने सांगितल्यासारखा." दोघी माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या. मी उरलेली वळकटी कापून पुढे ठेवली आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले. परत आले तेव्हा ताटली रिकामी होती आणि दोघी एकाच वेळी म्हणाल्या, "तिने खाल्ली."

त्यानंतर एकतीस वर्षं दर शुक्रवारी शाळेत वळकटी झाली. मधली वाट केव्हा बुजली ते मला सांगता येणार नाही. चौसष्ट साली संघालाही नाव मिळालं, 'ओढेकरी'. त्या नावाने आम्ही फार हरलो.

कलम चौथं, तक्रारींचं. सिगुर्डच्या भावाचा मुलगा डेल याने अठ्ठ्याण्णव साली ओढ्याकाठची आलुबुखारांची झुडपं काढून टाकली, कारण त्याचं कापणीचं मशीन वळत नव्हतं. मी त्याला विचारलं, "डेल, झुडपं कुठे गेली?" तो म्हणाला, "काकू, दुकानात जॅम मिळतो." डेल मनाने वाईट नाही. पंचवीस वर्षं दर हिवाळ्यात माझ्या दारातलं बर्फ त्याने काढलं आहे, न सांगता, दोन्ही दारांतलं. त्याबद्दल त्याला सिगुर्डचं खिशातलं घड्याळ. जॅमबद्दल काही नाही. एकच झुडूप वाचलं आहे, माझ्या विहिरीमागे. ब्रिटाने ते जपावं, रोपं करावीत, आणि लेफ्से व मुरंबा शिकायला आठवड्यातून एकदा माझ्याकडे यावं, मी आहे तोवर.

कलम पाचवं, शाळा. दोन हजार दहा साली शाळा बंद झाली. मुलं बसने दूर जायला लागली, आणि लिहून घेतल्याप्रमाणे इमारत माझ्याकडे परत आली. स्वयंपाकघर धडधाकट आहे. सहा शेगड्यांची चूल, दोन भट्ट्या, आणि दोनशे माणसं बसतील असं खेळघर. छताची डागडुजी मी करत आले.

बंद झाली त्या दिवशी सगळे सामान आवरायला आले होते. व्लास्ता तोवर लिपोव्हाच्या जेवणसमितीची प्रमुख झालेली, सोल्वेग एल्व्हदालच्या. शाळेत असताना जिवाभावाच्या मैत्रिणी, पण शाळा कोणत्या गावाच्या मतांमुळे बंद पडली यावरून त्या दिवशी बोलाचाली झाली. शंभर कपांची निळी किटली सोल्वेगने उचलली, "आमच्या गावाने दिली होती" म्हणून. व्लास्ता म्हणाली, "झाकण हरवलं होतं तेव्हा नवीन आम्ही करून दिलं होतं," आणि झाकण घेऊन गेली. तेरा वर्षं किटली एल्व्हदालला आणि झाकण लिपोव्हाला. तेरा वर्षं दोघी पुलावरसुद्धा एकमेकींची वेळ चुकवून येतात.

आता एल्व्हदालला रांधणाऱ्या अकरा बायका उरल्या आहेत, सगळ्यात तरुण चौसष्टची. लिपोव्हाला नऊ, त्यातल्या दोघी बसूनच असतात. गेल्या वर्षी एल्व्हदालची लेफ्से दुकानातून आणलेली होती. मी कचऱ्याच्या डब्यात पिशव्या बघितल्या. लिपोव्हाचे गोळे मधोमध थंड होते. उन्हाळ्यात दोन्ही समित्यांनी आपापल्या चर्चमध्ये सांगितलं की हे वर्ष शेवटचं, पुढे आमच्याने होणार नाही. दोघींचे निरोप मला एकाच आठवड्यात कळले. वीस जणी आहेत, एका जेवणाला पुरून उरतील, आणि दोन्हीकडे माणसं नाहीत म्हणून रडत आहेत.

म्हणून असं ठरवते. शाळा, चार एकर जमिनीसह, लिपोव्हा आणि एल्व्हदाल या दोन्ही गावांना मिळून, निम्मी निम्मी नव्हे, अखंड. अट एक. माझ्यानंतर येणाऱ्या पहिल्या ऑक्टोबरात दुसऱ्या शनिवारी शाळेत एकच जेवण व्हावं. एक स्वयंपाकघर, दोन्ही गावांच्या बायका, मासाही आणि बदकही. लेफ्से हाताने भाजलेली. तारीख कोणालाच बदलावी लागत नाही, हे लक्षात घ्यावं. तसं झालं नाही तर शाळा डेलची. त्याला मशीन ठेवायला छप्पर हवंच आहे, त्याने दोनदा विचारलंय. खेळघराची भिंत फोडावी लागेल असं तो म्हणाला.

कलम सहावं, माझं शेवटचं. मला एल्व्हदालला सिगुर्डशेजारी ठेवावं. दगडावर माझं नाव आधीच कोरलेलं आहे, तारीख तेवढी घालावी. पाद्री लिपोव्हाचे बोलवावेत. नंतरचं जेवण शाळेत. आणि लिपोव्हाच्या बायकांनी जे काही आणायचं ते पुलाच्या कठड्यावर ठेवू नये. आत घेऊन यावं, कोट काढावा आणि बसावं. थाळ्या तिथेच, एकत्र धुवाव्या.

इथपर्यंत मी काल लिहिलं. आज शुक्रवार. साक्षीदार म्हणून मी दोघींना फोन केला, सोल्वेग नायगार्डला आणि व्लास्ता कुबाटला, वेळ दोनची. एकीला दुसरीचं सांगितलं नाही. शाळेचं जे काय तुझ्याकडे असेल ते घेऊन ये, एवढंच सांगितलं. बरोबर दोनला दोन्ही दारं वाजली.

सोल्वेग किटली कवेत धरून आत आली आणि थबकली. "काकू, ही इथे काय करतेय?"

"सही करायला आलीय. तूही त्यालाच आलीस."

व्लास्ताच्या काखेत झाकण. "मावशी, मला वाटलं तुमची तब्येत बिघडली!"

"बिघडेल, दारं उघडी टाकून उभ्या राहिलात तर. वारा येतोय. बसा."

बसल्या, टेबलाच्या दोन टोकांना. मी म्हटलं, कॉफी कोणीतरी करा, माझे हात लिहून दुखतात. सोल्वेगने किटलीत पाणी घेतलं, कॉफीत टरफलासकट अंडं चुरडलं, एल्व्हदालला करतात तसं, गाळ खाली बसावा म्हणून.

व्लास्ता म्हणाली, "अजून टरफलासकटच का?"

"चाळीस वर्षं प्यायलीस, तेव्हा नाही विचारलंस."

मग झाकण. ते बसेना. व्लास्ताने तेरा वर्षं ते कोबीच्या पातेल्यावर वापरलं होतं, कडा वाकली होती.

"कोबीवर ठेवलं तर वाकणारच," सोल्वेग म्हणाली.

"आणि तुम्ही काय ठेवायचात किटलीवर?"

सोल्वेग किटलीकडे बघत म्हणाली, "पिझ्झाचा ट्रे."

व्लास्ता इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग तिने लाटण्याच्या मुठीने कडा ठोकून सरळ केली आणि झाकण बसलं. कॉफी होईपर्यंत मी हा कागद वाचून दाखवला. पाचव्या कलमाला दोघी एकदम म्हणाल्या, "डेलचं मशीन? आपल्या जेवणघरात?"

"तुमच्यावर आहे," मी म्हटलं.

"मासा आणि बदक शेजारी शेजारी?" व्लास्ता म्हणाली. "वासाने बदक उठून पळेल."

"मासा खिडकीकडे शिजवू," सोल्वेग म्हणाली. "पण काकू, त्यासाठी तुम्ही मरायची वाट कशाला बघायची? जेवण तीन आठवड्यांवर आलंय."

मी वळकटी कापून पुढे ठेवली आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले. परत आले तेव्हा दोघी टेबलाच्या एकाच बाजूला बसल्या होत्या, मध्ये कागद, आणि त्यावर बटाटे किती लागतील ते लिहीत होत्या. ताटली रिकामी होती. कोणी खाल्ली ते मी विचारलं नाही.

म्हणून पाचव्या कलमात दुरुस्ती: 'माझ्यानंतर येणाऱ्या पहिल्या ऑक्टोबरात' हे शब्द खोडून 'या ऑक्टोबरात' असं वाचावं. मला दोन ठिकाणी जेवायचा कंटाळा आला आहे.

कलम सातवं, आत्ताच सुचलेलं. निळी किटली, झाकणासह, शाळेची. दोघी जाताना ती इथेच ठेवून गेल्या, जेवणाच्या शनिवारी सकाळी इथूनच न्यायची म्हणून.

वरील सगळं मी वाचलं, मला पटलं, आणि मी आनंदाने सही करते.

लुडमिला ऑफ्टेडाल
पुलाजवळचं घर, शुक्रवार, २२ सप्टेंबर २०२३

साक्षीदार पहिली: व्लास्ता कुबाट, लिपोव्हा. मावशींनी माझ्यासमोर सही केली. मी मासा शिजवणार नाही, पण बटाटे सोलीन.

साक्षीदार दुसरी: सोल्वेग नायगार्ड, एल्व्हदाल. काकूंनी माझ्यासमोर सही केली. सालं पातळ काढावीत.